माय नसताना लावलेली भट्टी

आमच्या घरी दारू गाळतात हे मी लहानपणी कधी कुणापासून लपवलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. शेजारची हमीदाखाला हिमरूचं रेशमी कापड विणणाऱ्यांसाठी कांड्या भरायची, दोन घरं सोडून एक भडभुंजा होता, आणि आमच्याकडं माय दारू गाळायची. बेगमपुऱ्याच्या मागं, खाम नदीकडं उतरत जाणाऱ्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आमचं जेवणखाण, मागच्या खोलीत भट्टी, आणि रस्त्याला लागून शेणानं सारवलेला लांबट ओटा. भट्टी म्हणजे फार काही नव्हतं. चुलीवर पत्र्याचा मोठा डबा, त्याच्या तोंडावर पालथं घातलेलं मडकं, सांधे कणकेनं लिंपलेले, आणि मडक्याच्या बगलेतून निघालेली तांब्याची नळी गार पाण्यात ठेवलेल्या घागरीपर्यंत गेलेली. डबा तापला की नळीतून आधी थेंब पडायचे, मग दोऱ्यासारखी बारीक धार लागायची. पावकी-निमकीचे पाढे मी त्या आवाजावर पाठ केले. पहिल्या धारेतली पळीभर माय चुलीत टाकायची. निळा जाळ उठला की तिचा चेहरा सैल पडायचा, आणि मग ती माझ्याकडं बघून म्हणायची, “शांते, जा, फुटाणे काढून ठेव.”

हे काम तिला माझ्या बापानं शिकवलं होतं. आम्ही मूळचे पिशोरकडचे, कुणब्याचे. थोडीशी माळाची जमीन भावाभावांत वाटल्यावर बापाच्या वाट्याला काही येईना, म्हणून तो औरंगाबादला आला आणि दारूच्या गुत्त्यावर कामाला लागला. निजामाच्या राज्यात दारू गाळायचा आणि विकायचा गुत्ता सरकारच देत असे. गुत्तेदाराच्या भट्टीवर बाप जाळ सांभाळायचा, महिन्याचा पगार आणायचा आणि आम्ही सरकारी माणूस म्हणून गल्लीत मिरवायचो. पिशोरच्या माझ्या चुलत्यांना मात्र हे रुचलं नाही. दारूच्या कामात हात घातला म्हणून त्यांनी आमच्याशी येणंजाणं तोडलं ते कायमचंच. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी रांगत होते म्हणे. राज्य बदललं, टोप्या बदलल्या, पण गुत्ता तसाच चालू राहिला. तो बंद पडला पुढं कितीतरी वर्षांनी, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग दारूबंदीचा कायदा आमच्याकडंही आला तेव्हा. त्याच साली बाप छातीच्या दुखण्यानं गेला. माय सांगायची की तो शेवटपर्यंत विचारत होता, “मी रोज करत व्हतो त्योच आता गुन्हा झाला व्हय?” तो गेल्यावर, त्यानं गुत्त्यावरून आणून ठेवलेली नळी तिनं माळ्यावरून काढली आणि मागच्या खोलीत चूल मांडली.

कायदा मला पहिल्यांदा कळला तो खाऊवरून. पिशोरकडच्या बायका अंबाडीच्या भाजीखाली दडवून मोहाची वाळलेली फुलं आणायच्या. त्यातली मूठभर माय तव्यावर भाजून, तीळ घालून, कुटून मला द्यायची. खजुरासारखी गोड लागायची ती, थोडी धुरकट. एके दिवशी मी शाळेत तो खाऊ काढला, तर मास्तरांनी माझा हात धरून तो बाहेर टाकायला लावला आणि दबक्या आवाजात म्हणाले, “पुन्हा आणू नकोस. घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे आता.” मी घरी येऊन मायला सांगितलं. ती हसली नाही. त्या बायकांना तिनं येऊ नका म्हणून निरोप पाठवला, आणि तेव्हापासून डेऱ्यातल्या आमच्या सडव्यात, म्हणजे आंबवणात, फुलांऐवजी गूळ आणि नवसागर पडू लागला. मोहाचा तो खाऊ मला पुन्हा मिळाला नाही. याच दिवसांत शहरातले बडे लोक डॉक्टरकडून प्रकृतीसाठी लागते असं लिहून घेऊन परमिट काढतात आणि घरी बसून राजरोस पितात, असं कुणीतरी ओट्यावर सांगत होतं. माय उंबऱ्यात बसून ऐकत होती. “डॉक्टरनं लिवलं की तिचं औषध व्हतं व्हय?” एवढंच ती म्हणाली, आणि ओटाभर हशा पिकला.

ओट्यावरचा तो हशा हेच माझं लहानपण आहे. दिवस कलला की माणसं येऊ लागायची. टांगेवाले, मोंढ्याच्या धान्यबाजारातले हमाल, जुन्या महसुलात कारकुनी करून घरी बसलेले एक म्हातारे मुन्शी. माय उंबऱ्यात पाय आत घेऊन बसायची, घागर तिच्या मागं. ओट्याच्या अलीकडं कुणी यायचं नाही, हा तिचा नियम. पाणी हवं तर तीच उठून द्यायची. मी फुटाणे आणि कांदा वाटायची आणि वाटताना सगळ्यांच्या गप्पा ऐकायची. कुणाच्या घोड्याला काय झालं, रोझ्याच्या दर्ग्याच्या उरुसात काय पाहिलं, हैदराबादेत कुणाचा भाऊ कसा आहे. त्यातला दगडू टांगेवाला मला सगळ्यांत जवळचा. तो मायला गोदाक्का म्हणायचा आणि मला भाची. पहिला पेला घेण्याआधी तो खिशातून माझ्यासाठी पेरू नाहीतर बोरं काढायचाच. शाळेत मुली माझ्या शेजारी बसत नसत, सडव्याचा वास येतो म्हणायच्या, त्याचं मला दिवसा वाईट वाटायचं. पण संध्याकाळी इतकी माणसं माझ्या घरी येत होती की ते वाईट वाटणं रात्रीपर्यंत टिकत नसे. दारू पिऊन माणसं काय करतात, त्यांच्या घरी त्या वेळी काय चाललेलं असतं, याचा विचार मी फार उशिरा, स्वतःचा संसार करताना केला. तेव्हा मला ती सगळी आमची पाहुणे मंडळी वाटायची.

मायला पकडलं ते भर सकाळी. नवा अधिकारी आला होता आणि जुन्या ओळखी त्याच्यापुढं चालत नव्हत्या. दारूबंदीचा जमादार आणि शिपाई गल्लीच्या दोन्ही तोंडांनी आले. धार चालू होती. माय उठली नाही, पदरानं कपाळ पुसून चुलीपुढंच बसून राहिली. त्यांनी डबा उतरवला, बापाची नळी काढून घेतली, डेरे बाहेर आणून फोडले. सडवा गल्लीतून वाहत नदीकडं निघाला आणि बायका पदर नाकाला लावून दारांत उभ्या राहिल्या. जमादार उंच, शांत माणूस होता, ओरडत नव्हता. त्यानं माझ्याकडं बोट करून विचारलं, “ही मदत करते का?” माय तेव्हा पहिल्यांदा उभी राहिली. “पोरीला कायबी ठावं नाय. समदं माझं हाय.” कोर्टातही तिनं हेच सांगितलं, वकील दिला नाही, आणि तिला काही महिन्यांची सजा झाली. आमच्या गावात ‘हर्सूलला गेली’ म्हटलं की कुठल्या तुरुंगात ते विचारावं लागत नसे. माय हर्सूलला गेली.

पाचोडहून मावशी येऊन मला घेऊन गेली. माय कोर्टाच्या आवारातून तिला एवढंच म्हणाली होती, “माझी पोर वागव.” मावशीनं वागवलंही असतं. पण तिच्या सासूनं मला पाण्याच्या घडवंचीला हात लावू दिला नाही. माझी भाकरी ओसरीवर यायची, वाढणारा हात बोलत नसे. मावशी सगळ्यांसमोर मला नाव घेऊन हाक मारायची नाही, “ती” म्हणायची. बाजाराच्या दिवशी गावात एसट्यांची गर्दी होती. मावशी मिरच्यांचा भाव करत होती. मी तिला सांगितलं, “मी जाते.” तिनं माझ्याकडं बघितलं, डोळे भरून आले तिचे, पण राहा म्हणाली नाही. मिरच्यांच्या पिशवीतच हात घालून तिनं गाठीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. औरंगाबादला पोचले तेव्हा घराचं कुलूप मावशीबरोबर जाताना लावलं होतं तसंच होतं, आणि हमीदाखाला भिंतीवरून डोकावून म्हणाली, “आ गई? मौसी कहाँ है?” मी म्हणाले, येणार आहे मागून. ते खोटं मी पुढं बरेच दिवस वापरलं.

खाला पाच वेळची नमाजी. तिच्या नवऱ्याचा अंत दारूनंच केला होता, असं माय म्हणायची. आमच्याशी तिचं वैर नव्हतं. भिंतीवरून कोथिंबीर, ईदचा शीरखुर्मा, तापावरचा काढा सगळं यायचं, पण भट्टी लागल्यापासून तिनं आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. मला पोटाला काम हवं होतं तर तिनं तिच्याकडच्या कांड्या भरायला दिल्या. रेशमाचा धागा चरख्यावरून कांडीवर घेत मी दिवसभर तिच्या अंगणात बसायची. तिथं तिच्या सुना, नातवंडं, कोंबड्या, सगळा गलका असायचा. पण दिवस कलला की त्यांची दारं आतून लागायची आणि मी माझ्या घरी यायची.

त्या घराचं काय सांगू! चूल पेटवून मी एकटीपुरती भाकरी थापायची आणि ती थापताना हाताचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. बाहेर माणसं जात असायची, त्यांची पावलं ओट्याजवळ आली की जरा भरभर पडायची. नळावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं आणि घागर भरून मी वळले की सुरू व्हायचं. ओट्यावरची माणसं नदीपलीकडं दुसऱ्या भट्टीवर जाऊ लागली होती. दगडूमामाचा टांगा रोज गल्लीच्या तोंडावरून जायचा. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांवरून मी तो ओळखायची आणि दारात येऊन उभी राहायची. पहिल्यांदा त्यानं हात वर केला. नंतर तो घोड्याच्या कानांकडं बघत जाऊ लागला. ज्या वासासाठी शाळेत मला वेगळं बसवायचे, तो वास आता मागच्या खोलीतून दिवसेंदिवस विरत चालला होता. मी चुलीमागच्या भिंतीला नाक लावून तो शोधायची. कुणी बघितलं असतं तर पोर खुळी झाली म्हणालं असतं. आता माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, सिडकोत, दुपारी सगळे कामावर गेले की घर असंच शांत होतं, पण त्या शांततेला मी भीत नाही. तेव्हा फार भ्यायचे.

तुरुंगातल्या मुलाखतीच्या दिवशी मी दिल्ली दरवाजातून बाहेर पडून हर्सूलपर्यंत चालत गेले. मायसाठी भाकरी, ठेचा आणि खालानं दिलेली खोबरेल तेलाची बाटली घेतली होती. बाटली आत नेऊ दिली नाही. जाळीपलीकडं माय आली तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलं नाही. तिच्या डोक्याला तेल होतं, केस चोपून विंचरलेले, वेणी घट्ट. बाहेर असताना धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे, ते निवळले होते. ती एकटी आली नव्हती. मागं दोन बायका उभ्या होत्या आणि तिच्या खांद्यावरून मला बघत होत्या. “हीच व्हय तुझी शांता?” एक म्हणाली. माय हसून तिला म्हणाली, “व्हय, हीच.” मग मला म्हणाली, “ही कन्नडकडची, ती फुलंब्रीची. समद्या माझ्यासारख्याच हायत गं हितं. हातभट्टीवाल्या. हीच घालती माझी येणी.” ती मला धीर वाटावा म्हणून सांगत होती. मी मात्र जाळीत बोटं अडकवून तिच्या वेणीकडंच बघत राहिले. तिच्याजवळ वेणी घालणारं माणूस होतं. तिला रात्री कुणीतरी हाक मारत असेल, जेवायला शेजारी कुणी बसत असेल. तिनं विचारलं, “मावशी हाय ना संगती?” मी म्हणाले, “हाय.” परत येताना हर्सूलच्या तलावाकडून वारा येत होता आणि मला मायचा राग आला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भट्टीचा विचार त्यानंतरचा. मागच्या परसात राखेचा ढीग होता. शिपायांनी तो काठ्यांनी उकरला होता, पण त्याच्या खाली, जमिनीत पुरलेला डेरा त्यांच्या हाती लागला नव्हता. मी राख काढली, तोंडावरचं फडकं सोडलं, आणि तो वास एकदम वर आला. गोड, आंबट, नाकात चढणारा. मला रडू फुटलं. खरं सांगायचं तर मी त्या डेऱ्याच्या गळ्याला मिठी मारली. सडवा पिकून गेला होता, अजून काही दिवसांत वाया गेला असता. भडभुंज्याकडून फुटलेला डबा आणून मी त्याच्या फटी डांबराऐवजी कणकेनंच लिंपल्या. नळी नव्हती, तर नदीकाठचा पोकळ वेळू छिलून बसवला. कणीक मळताना, मडकं पालथं घालताना, जाळ कमी-जास्त करताना मला कुणाला विचारावं लागलं नाही. बापाचं काम मायच्या हातून बघत बघत माझ्यात उतरलं होतं. दुपारची वेळ होती, गल्ली आडवी झालेली. वेळूतून थेंब पडला. मग दुसरा. मग धार. मी पळीभर चुलीत टाकली, निळा जाळ उठला, आणि मी मोठ्यानं म्हणाले, “शांते, जा, फुटाणे काढून ठेव.” माझाच आवाज ऐकून मला हसू आलं.

वासाचा निरोप गल्लीभर माझ्याआधी पोचला. दिवस कलता कलता पहिली घुंगरं वाजली आणि दगडूमामा ओट्यावर येऊन बसला. “गोदाक्का सुटली व्हय?” त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले. “मग तूच गाळली?” मी मान हलवली. त्यानं पेला पुढं केला. त्याच्या खिशातून त्या दिवशी काही निघालं नाही, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण मागोमाग हमाल आले, मुन्शी आले, आणखी दोघे-तिघे आले. ओटा भरला. मी फुटाणे वाटले. सुरुवातीला सगळे दबकून बोलत होते. मग कुणीतरी कुणाची तरी नक्कल केली आणि तो जुना हशा उठला. मी मायच्या जागी, उंबऱ्यात, पाय आत घेऊन बसले. माझं घर पुन्हा माझं झालं होतं. पैसे कुणी दिले, कुणी नाही, मी बघितलंसुद्धा नाही.

त्या दिवशी त्यांच्यात एक अनोळखी माणूस होता. नदीपलीकडच्या भट्टीवरून कुणाबरोबर तरी आला होता. अंगानं मजबूत, डोळे बारीक. तो बोलत नव्हता, पीत होता आणि मी उठले-बसले की बघत होता. मग त्यानं पाणी मागितलं. मी आत माठाकडं वळले, आणि मागं पाऊल वाजलं. तो ओटा ओलांडून आत आला होता. “किती जागा हाय आत, बघू दे की,” तो म्हणाला. “माय न्हाई म्हणत्यात. मंग आता तूच मालकीण व्हय?” त्यानं दाराच्या चौकटीला हात लावला, असा की मला बाहेर जायला वाट राहिली नाही. त्याच्या हाताखालून मला ओटा दिसत होता. हमालांचं बोलणं थांबलं होतं. मुन्शी चपला शोधत होते. आणि दगडूमामा, माझा दगडूमामा, पेल्यात बघत बसला होता. त्याला दिसत होतं. त्यानं वर बघितलं नाही. इतकी माणसं दारात असताना मी त्या खोलीत जितकी एकटी होते, तितकी त्याआधीच्या एकाही संध्याकाळी नव्हते. मायचं उंबऱ्यात बसणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी तिच्या जागी बसले होते, पण ती जागा मायमुळं होती.

मग भिंतीपलीकडं खालाचं दार वाजलं. ती गल्लीतून आली, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, एका हातात चरखा. ओट्यावरच्या माणसांच्या मधून ती सरळ चालत आली आणि उंबरा ओलांडून आत शिरली. त्या माणसाला तिचा धक्का लागला तरी ती थांबली नाही. खोलीच्या मधोमध तिनं चरखा ठेवला, मांडी घातली आणि त्याच्याकडं वर बघून म्हणाली, “कायकू खडा है? बाहर निकल.” तो काही पुटपुटला. खालानं आवाज चढवला नाही. “मेरे चार बेटे हैं भिंत के उस तरफ. बुलाऊँ क्या? बच्ची का घर है ये. अड्डा नक्को समझो.” चार मुलांतले दोघे हैदराबादला होते आणि एक जेमतेम नातवाएवढा, पण हे त्याला काय ठाऊक? तो निघाला. मग खालानं ओट्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, “तुम लोगाँ भी उठो. शरम नई आती?” ओटा रिकामा झाला. दगडूमामा सगळ्यांत शेवटी उठला, पेला पालथा घालून गेला.

खालानं घागर उचलून परसात नेली आणि सगळी दारू मातीत ओतली. डेऱ्यात उरलेला सडवाही ओतायला लावला. मग हात कोपरापर्यंत राखेनं घासून, चूळ भरून ती परत येऊन बसली. मला वाटलं आता मारेल. ती म्हणाली, “तेरी माँ बोल के गई थी, नजर रखना करके. मैं भिंत पर से रखती थी. गलती मेरी है.” आणि चरखा फिरवू लागली. मी शेजारी बसून रडत राहिले. तिनं रेशमाचा धागा एकदाही तुटू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार आला, तोच, उंच. कुणीतरी कळवलं होतं. ओली राख, रिकामा डेरा, जळका वेळू, त्याला सगळं दिसलं. “वय काय तुझं?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. “घरात मोठं माणूस कोण?” मी खालाच्या भिंतीकडं बघितलं. “एकटी राहतेस? एकट्या पोरींना सरकार घेऊन जातं, माहीत आहे? दुसऱ्या गावाला, आश्रमात. आई सुटली की तिनं शोधत यायचं.” खाला भिंतीवरून म्हणाली, “कौन बोला अकेली है? मेरे पास रहती.” जमादारानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. बुटानं डेरा फोडला, वेळू मोडला. जाताना दारात थांबून म्हणाला, “पुन्हा वास आला तर मी विचारत बसणार नाही.” त्या दिवसापासून मी झोपायला खालाकडं जाऊ लागले. तिच्या सुनांच्या खोलीत एका कडेला माझी चटई असायची. त्या आपसांत बोलायच्या, मला त्यांच्या हसण्याचा अर्थ लागायचा नाही.

माझा नातू आता शहराबाहेरच्या दारूच्या कारखान्यात नोकरीला आहे. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, डोक्यावर पांढरी टोपी, काचेच्या खोलीत बसून तो दारू तपासतो. त्याला नोकरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले. मीही खाल्ला. त्याला माझ्या मायची गोष्ट सांगावी असं मनात येतं, पण तो घाईत असतो.

पुढच्या मुलाखतीला मी गेले तेव्हा मायला सगळं कळलेलं होतं. नदीपलीकडच्या भट्टीवरची बाई पकडली गेली होती आणि बातमी तिच्याबरोबर आत पोचली होती. माय या वेळी एकटीच जाळीजवळ आली. ती ओरडेल याची मी वाट बघत होते. तिनं हळू आवाजात विचारलं, “मावशी न्हवतीच ना?” मी नाही म्हणाले. “पैसं लागत व्हतं का तुला?” “नाय. खाला काम देती.” “मग कशापायी लावलीस गं?” शेजारच्या जाळीवर एक म्हातारी मोठमोठ्यानं शेळीबद्दल काहीतरी विचारत होती. मग मी म्हणाले, “कुणी येत नव्हतं.” मायनं माझ्याकडं बघितलं. तिनं जाळीतून बोट बाहेर काढलं, तेवढंच निघत होतं, आणि माझ्या बोटाला लावून ठेवलं. वेळ संपल्याची हाक येईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

ती सुटली तेव्हा खाला आणि मी तिला आणायला गेलो. बाहेर पडताना ती सारखी मागं वळून बघत होती. घरी आल्यावर तिनं मागच्या खोलीत जाऊन चुलीपुढं नुसतं उभं राहून बघितलं, आणि मग हातानं चूल मोडली. मी केलेली भाकरी आणि हुलग्याची आमटी ती पोटभर जेवली. उद्या खालाबरोबर कांड्यांच्या कामाला जाईन म्हणाली. जेवता जेवताच तिचे डोळे मिटू लागले. पुढच्या खोलीत चटई टाकून ती भर दुपारी झोपली, आणि मी तिच्या उशाशी बसून राहिले, तिचा श्वास ऐकत.

दिवस कलला तेव्हा घुंगरं वाजली. ओट्यावर पावलं आली. मी दारात गेले. दगडूमामा उभा होता, टोपी हातात. “गोदाक्का आली म्हणं,” तो म्हणाला. “झोपलीय,” मी म्हणाले. त्यानं आत बघायचा प्रयत्न केला नाही. “चूल पेटणार का न्हाई आता?” “नाय.” तो ओट्याच्या कडेला टेकला. थोड्या वेळानं म्हणाला, “पाणी दे मग.” मी तांब्या आणून दिला. त्यानं पाणी प्यायलं, सावकाश, सगळं. तांब्या ओट्यावर ठेवला. मग खिशात हात घातला, चार बोरं काढून तांब्याशेजारी ठेवली आणि उतरून गेला. पुन्हा तो आमच्या ओट्यावर आला नाही. बोरं मी घेतली नाहीत. खालाच्या कोंबड्यांनी खाल्ली.

मी दार ओढून आत आले. मायची झोप मोडली होती. अंधारू लागलेल्या खोलीत ती डोळे उघडे ठेवून पडली होती.

“कोण आलं व्हतं गं?”

“कुणी नाय,” मी म्हणाले.

ती थोडी भिंतीकडं सरकली आणि चटईवर माझ्यापुरती जागा केली.